सोसायचं किती, सांगायचं किती

प्रश्न :

सत्तेचाळीस वर्षांच्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. गर्भाशयात फायब्रॉइडच्या मोठ्या गाठी झाल्यामुळे गेली काही वर्षं दर पाळीला त्यांच्या अंगावरून खूप जातं. तीन आठवड्यांनी पोटावर छेद घेऊन पिशवी काढायचं ठरलं आहे. तो निर्णय त्यांना पटलेला आहे. भीती आहे ती शुद्धीवर येण्याची. त्यांच्या थोरल्या बहिणीचं हेच ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालं. जाग आली तेव्हा तिला आजूबाजूचे आवाज ऐकू येत होते, पण बराच वेळ ना डोळे उघडत होते, ना हातपाय हलत होते. पुढचे दोन दिवस उलट्या आणि वेदनांत गेले.

ताई लिहितात, "सासरे, वडील, जाऊ अशा सगळ्यांच्या उशाशी मी दवाखान्यात राहिले आहे. बाळंतपणं सोडली तर स्वतः कधी खाटेवर झोपले नाही. ती दोन सोसली, हेही सोसेन. पण मला तशा अवस्थेत कोणी बघू नये असं वाटतं, म्हणून रात्री सोबत नको असं नवऱ्याला सांगणार आहे. घरी सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना उठवणं-बसवणं मीच करते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच डिस्चार्ज मागीन. मुलगी बाहेरगावी शिकते, परीक्षा जवळ आली आहे. तिला सगळं झाल्यावरच सांगेन. एकटीनं निभावेल ना हे?"

उत्तर :

ताई,

तुमच्या हिमतीबद्दल मला जराही शंका नाही. काळजी वाटते ती तुमच्या बेताची. पत्र दोनदा वाचलं आणि लक्षात आलं, की दवाखान्यातले दिवस तुम्ही गप्प राहून काढायचं ठरवलं आहे. दुखलं तर सोसायचं, रात्री कोणी नको, घरी लवकर पळायचं, मुलीला कळू द्यायचं नाही. पण या ऑपरेशननंतर गप्प राहणाऱ्या बाईची काळजी घेणं सगळ्यात अवघड असतं. सिस्टर तुमची नाडी मोजतील, रक्तदाब, ताप, लघवी, सगळं मोजतील. दुखतंय किती, मळमळतंय का, पोटरीत कळ येते का, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे मोजायचं यंत्र मात्र नाही. ते तुम्ही सांगितलं तरच त्यांना कळणार.

आधी बहिणीबद्दल. तिच्या अनुभवातला एक भाग अगदी नेहमीचा आहे. भुलीतून बाहेर येताना बऱ्याच जणींना आवाज आधी ऐकू येतात आणि पापण्या जड असतात. कोणी नाव घेऊन हाक मारतं, "डोळे उघडा, श्वास घ्या" म्हणतं, आणि आपण उत्तर दिलंय की मनातच म्हणालोय हे कळत नाही. हे काही मिनिटांचं असतं. पण "बराच वेळ हातपाय हलवता येईनात" हे वाक्य तुम्ही फक्त मनात ठेवू नका. ते भूलतज्ज्ञांना सांगायला हवं. भूल देताना स्नायू सैल करणारी औषधं वापरतात. त्यांतलं सक्सिनिलकोलीन नावाचं औषध शरीरातल्या एका एन्झाइममुळे काही मिनिटांत निष्प्रभ होतं. काही लोकांत हे एन्झाइम जन्मतःच कमी काम करतं, मग तेच औषध तासन् तास रेंगाळतं, आणि हा दोष सख्ख्या भावंडांत असू शकतो. तुमच्या बहिणीला तोच त्रास झाला असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. बहुधा तसं नसेलही. पण हे कळलं तर भूलतज्ज्ञ गरज वाटल्यास रक्ताची तपासणी करतील किंवा दुसरं औषध निवडतील. शक्य असेल तर बहिणीचा डिस्चार्जचा कागद मिळवा, भुलीची नोंद मिळाली तर फारच उत्तम. इतके दिवस जिला तुम्ही भीती म्हणून जपून ठेवलंत, ती भूलतज्ज्ञांच्या दृष्टीनं कामाची माहिती आहे.

बहिणीला उलट्या झाल्या हेही सांगा. तुम्हाला स्वतःला प्रवासात गाडी लागत असेल तर तेही. बायकांना, धूम्रपान न करणाऱ्यांना आणि गाडी लागणाऱ्यांना भुलीनंतर मळमळ जास्त होते, हे भूलशास्त्रात चांगलं माहीत आहे. ज्यांना धोका जास्त त्यांना ऑपरेशन चालू असतानाच उलटी थांबवणारी औषधं देता येतात, एकाऐवजी दोन प्रकारची देता येतात. पोटावर ताजे टाके असताना उलटी येणं फार वाईट, ते टाळता येण्यासारखं असेल तर का टाळू नये?

भीतीचं आणखी एक रूप तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहिणीची हकीकत ऐकलेल्या कोणाच्याही मनात ते येईल : ऑपरेशन चालू असतानाच जाग आली तर? ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी याची मोठी पाहणी करून २०१४ साली अहवाल प्रसिद्ध केला. संपूर्ण भूल दिलेल्या साधारण १९ हजार जणांमागे एकानं असा अनुभव नोंदवला होता, आणि त्यांतले बरेचसे अनुभव भूल चढताना किंवा उतरताना आलेले होते, ऐन शस्त्रक्रियेतले नव्हते. आकडा छोटा आहे म्हणून भीती जात नाही हे मला माहीत आहे. भूलतज्ज्ञांना भेटाल तेव्हा ही भीतीही बोलून दाखवा. ती लाजण्यासारखी अजिबात नाही आणि त्यांना ती नवी नाही.

आता जाग येईल तेव्हाचं सांगते, कारण माहीत असलेली गोष्ट अंगावर येत नाही. मध्ये किती वेळ गेला याचा पत्ताच नसेल. टेबलावर पडून दिव्याकडे बघत होते आणि लगेच कोणीतरी हाक मारली, असं वाटेल. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क असेल. घसा खवखवेल, कारण श्वासासाठी घशात नळी घातलेली असते. ती काढल्याचं बहुतेकींना आठवत नाही, पण घशाला एखादा दिवस आठवण राहते. दात वाजतील इतकी थंडी भरून येऊ शकते. तो ताप नसतो. भुलीमुळे शरीराचं तापमान राखण्याचं काम बिघडतं आणि ऑपरेशनची खोली थंड असते. गरम पांघरूण घातलं की थांबतं, फक्त "थंडी वाजते" एवढं म्हणायचं. दंडावरचा पट्टा दर काही मिनिटांनी आवळेल. हातात सलाइन, कधी पोटातून बाहेर आलेली एक बारीक नळी, पायांत घट्ट मोजे किंवा आपोआप फुगणारे पट्टे, आणि पायांमध्ये पॅड. थोडं रक्त त्या पॅडवर दिसणं अपेक्षित असतं, सिस्टर येऊन ते बघत राहतात.

लघवीच्या नळीबद्दल मात्र आधी कोणी सांगत नाही, म्हणून मी जास्त सांगते. जाग येताच पुष्कळ बायकांना वाटतं की लघवीला जोरात लागली आहे, आता कपडे ओले होणार. त्या उठायला बघतात, घाबरतात, ओशाळतात. मूत्राशयात नळी अडकून राहावी म्हणून तिच्या टोकाला छोटा फुगा असतो, तो मूत्राशयाला आतून टेकतो आणि भरल्यासारखं वाटतं. लघवी पिशवीत जातच असते. मूत्राशय गर्भाशयाला पुढून चिकटून असतं, ऑपरेशनमध्ये ते खाली सरकवावं लागतं, म्हणून ते रिकामं ठेवतात. सगळं ठीक असेल तर ही नळी बहुधा दुसऱ्या दिवशी निघते. त्यानंतरची पहिली लघवी मोजतात. ती लगेच झाली नाही तर नळी पुन्हा एखादा दिवस ठेवतात. यात कमीपणा काही नाही. मूत्राशय थोडं सुस्तावलेलं असतं इतकंच. पण नळी काढल्यावर पाच-सहा तास लघवी झालीच नाही आणि ओटीपोट ताणलं, तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका, तेव्हाच सांगा.

पाठीतून भूल दिली असेल तर चित्र वेगळं. तुम्ही जाग्याच असाल किंवा गुंगीत, आणि काही तास कमरेखालचं अंग आपलं नसल्यासारखं वाटेल. हळूहळू मुंग्या येऊन पाय परत येतात. ज्यांचं ऑपरेशन दुर्बिणीतून होणार आहे त्या वाचकांसाठी एक गोष्ट : जाग आल्यावर खांदा दुखला तर घाबरू नका. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, चाळवतं आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. एक-दोन दिवसांत ती जाते.

आणि रडू येईल, कदाचित. "तशा अवस्थेत कोणी बघू नये" असं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी थोडा वेळ थांबले. भुलीतून उठताना ढसाढसा रडणाऱ्या बायका असतात, असंबद्ध बोलणाऱ्या असतात, तेच तेच पाच वेळा विचारणाऱ्या असतात. तिथल्या माणसांचा तो रोजचा दिवस आहे. सासऱ्यांच्या, वडिलांच्या उशाशी बसून तुम्ही त्यांना कसकशा अवस्थेत पाहिलंत. त्यामुळे ते तुमच्या नजरेतून उतरले का? तुम्ही त्यांना जी माया दिलीत ती घ्यायची वेळ आल्यावर तुम्हाला ती लाजिरवाणी का वाटावी, याचा एकदा शांतपणे विचार करा. उत्तर मला कळवायची गरज नाही.

जाग येतानाची आणखी एक गंमत अशी, की डॉक्टर येऊन "सगळं व्यवस्थित झालं, हे काढलं, ते ठेवलं" असं सांगून जातात, तुम्ही मान डोलावता आणि तासाभरानं त्यातलं अक्षरही आठवत नाही. औषधांचा तो परिणाम असतो. म्हणून संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी, तुमचं माणूस जवळ असताना, पुन्हा विचारा आणि लिहून घ्या. अंडाशयांचं काय करायचं हे तर आत जायच्या आधीच स्पष्ट बोलून घ्या. दोन्ही अंडाशय काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते, अंगातून गरम वाफा निघणं, घाम फुटणं दवाखान्यातच सुरू होऊ शकतं, आणि त्यावर काय उपचार घ्यायचा ही वेगळी चर्चा असते. ठेवले तर संप्रेरकं बनत राहतात, फक्त पाळी येत नाही. जाग आल्यावर ही गोष्ट पहिल्यांदा कळावी असं कोणाच्याही बाबतीत होऊ नये.

आता सोसण्याबद्दल. बाळंतपणाच्या कळा आणि या वेदना एका मापानं मोजू नका. कळांमधून मूल बाहेर येतं आणि कळा थांबतात. इथे वेदना सोसल्यानं पुढे काहीच सरकत नाही, उलट अडतं. पोट दुखतं म्हणून बाई वरवरचा श्वास घेते, खोकला दाबते, हलायचं टाळते. मग फुफ्फुसांचा तळाचा भाग मिटतो आणि तिथे कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. पाय हलले नाहीत तर पोटरीच्या शिरेत रक्त गोठू शकतं, आणि ती गाठ फुफ्फुसात जाऊन जिवावर बेतू शकतं. म्हणजे वेदनाशामक घेणं हा नाजूकपणा मुळीच नाही, खोल श्वास घेता यावा आणि चालता यावं यासाठीचा तो उपचार आहे. माझं मत याबाबतीत ठाम आहे : या ऑपरेशननंतर वेदना लपवणारी बाई आपलं बरं होणं लांबवते.

सिस्टर तुम्हाला शून्य ते दहामध्ये आकडा विचारतील. "बरं आहे" असं उत्तर देऊ नका, आकडाच द्या, आणि तो झोपलेल्या स्थितीतला देऊ नका. खोकून बघा, कुशीवर वळून बघा, मग सांगा. निश्चल पडून दोन आणि वळताना आठ असेल तर खरा आकडा आठ आहे. पॅरासिटामॉलसारखी औषधं ठरावीक वेळाने देतात, ती दुखो न दुखो घ्यायची. त्यावरही उरणाऱ्या वेदनेसाठी जास्त तीव्र औषध असतं. ते वेदना शिखरावर पोचल्यावर मागितलं तर काम करायला वेळ लागतो, म्हणून चढू लागली की मागा. काही ठिकाणी बटण दाबलं की ठरावीक मात्रा शिरेतून देणारा पंप असतो. तो फक्त रुग्णानंच दाबायचा, "बिचारी झोपलीय, मी दाबतो" असं प्रेमापोटी नवऱ्यानंसुद्धा करायचं नाही, कारण गुंगीत असणाऱ्याला आणखी औषध गेलं तर श्वास मंदावतो. तुम्हाला दमा, पित्ताचा व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधीच सांगा, काही वेदनाशामकं त्यात चालत नाहीत.

अंथरुणातून उठायची एक रीत आहे, ती घरीच करून बघा. उताणं असताना एकदम बसायचं नाही. गुडघे दुमडायचे, पूर्ण कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि त्याच वेळी हातानं अंग वर ढकलायचं. पोटाच्या स्नायूंवर ताण येत नाही. खोकताना, शिंकताना, हसताना उशी पोटाशी घट्ट धरायची. फुफ्फुसांच्या व्यायामासाठी तीन छोट्या चेंडूंचं यंत्र देतात, त्यात पुष्कळ जण फुंकर मारतात. फुंकायचं नसतं, नळी तोंडात धरून सावकाश श्वास आत ओढायचा असतो.

यातूनच रात्रीच्या सोबतीचा मुद्दा येतो. पहिल्यांदा उभं राहताना तुम्ही एकट्या असू नका, हे मी अगदी आग्रहानं सांगते. रक्त गेलेलं असतं, औषधांमुळे रक्तदाब खाली असतो, उठताच डोळ्यांपुढे काळोख येतो आणि बाई पडते. आधी खाटेच्या कडेला पाय सोडून काही मिनिटं बसायचं, मग सिस्टरांच्या आधारानं उभं राहायचं. तुमचा स्वभाव ओळखून बोलते : रात्री दोनला लघवीला लागली तर "कशाला कोणाला उठवायचं" म्हणून तुम्ही एकट्याच उठाल. म्हणून निदान पहिल्या दोन रात्री कोणीतरी हवं. तो नवराच असावा असा माझा हट्ट नाही. तुम्हाला ज्या माणसासमोर संकोच वाटत नाही, जिच्यासमोर "पॅड बदलायचंय" हे सहज म्हणता येईल, अशी बहीण किंवा मैत्रीण रात्रीसाठी निवडा. रात्री कोणाला थांबू देतात हे वॉर्डात आधी विचारा. नवऱ्याला घरी पाठवायचंच असेल तर त्यांना तिकडचं पूर्ण काम द्या, त्याबद्दल पुढे बोलते. पण "मला तू नकोस" असं त्यांना ऐकू जाईल असं सांगू नका. त्यांच्या मनात भीती असेलच. कारण सांगा, की तुमच्यासमोर मी धीराची राहायचा प्रयत्न करीन आणि त्यात थकेन. नवऱ्याला हे समजतं, सांगितलं तर.

दवाखान्यात भेटायला येणारी वडीलधारी माणसं "हलू नकोस, टाके सुटतील" म्हणतील. पूर्वी बरेच दिवस झोपवूनच ठेवत असत, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. १८९९ साली शिकागोतल्या एमिल रीस या स्त्रीरोगतज्ज्ञांनी अशा ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत बायकांना अंथरुणातून उठवायला सुरुवात केली होती आणि त्या लवकर बऱ्या होतात असं लिहिलं होतं. ते फारसं कोणी मनावर घेतलं नाही. पटायला पुढचं अर्धं शतक गेलं, आणि १९९० च्या दशकात डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी लवकर उठणं, लवकर खाणं आणि वेदना नीट आटोक्यात ठेवणं या सगळ्याची एक पद्धतच बसवली. म्हणून तुम्हाला ऑपरेशनच्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी खुर्चीत बसवतील, चार पावलं चालवतील. टाके त्यासाठीच घातलेले असतात, चालण्यानं ते सुटत नाहीत. पोटावर छोटं इंजेक्शन देतील, तेही रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठीच.

पोटातल्या वायूबद्दल थोडक्यात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाक्यांपेक्षा वायूच जास्त छळतो, कारण आतडी झोपलेली असतात. चालणं हा त्यावरचा पहिला उपाय. डॉक्टरांची हरकत नसेल तर च्युइंगम चघळा, त्यानं आतडी लवकर जागी होतात असं अभ्यासांत दिसलं आहे. वायू सरला की सिस्टरांना आनंदानं सांगा, त्या खरंच तेच विचारायला येत असतात. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं, तेव्हा शौचाला मऊ होण्याचं औषध मागून घ्या, कुंथू नका.

आता डिस्चार्ज. पोटावर छेद घेतल्यावर साधारण दोन ते पाच दिवस दवाखान्यात राहावं लागतं, योनीमार्गे किंवा दुर्बिणीतून झालं तर बहुधा त्याहून कमी. पण दिवस मोजण्यापेक्षा दुसरी खूण धरा. खाल्लेलं पोटात टिकतं का, लघवी आपली आपण होते का, आधाराशिवाय चालता येतं का, फक्त गोळ्यांवर वेदना आटोक्यात राहतात का, ताप नाही ना. हे सगळं दुसऱ्याच दिवशी जमलं आणि डॉक्टर हो म्हणाले, तर खुशाल घरी जा, मी आडवी येणार नाही. दवाखान्यात जास्त राहण्यात फायदा नसतो. माझी हरकत तुमच्या कारणाला आहे. तुम्ही घरी विश्रांतीला जाणार नाही आहात, सासूबाईंना उचलायला जाणार आहात.

ताई, हे चालणार नाही. सहा आठवडे तरी चालणार नाही. भरलेली बादली उचलायची नसते तिथे एका मोठ्या माणसाला काखेत धरून बसतं करणं कुठून जमणार? पोटावरची त्वचा आठ-दहा दिवसांत जुळलेली दिसते आणि तिथेच फसगत होते. आतला स्नायूंवरचा थर आणि योनीच्या वरच्या टोकाला घातलेले टाके भरायला कितीतरी जास्त वेळ लागतो. तिथे ताण पडला तर रक्तस्राव, हर्निया, क्वचित टाके उसवणं अशी दुखणी मागे लागतात, आणि मग आज सहा आठवडे वाचवायला गेलेल्या बाईला पुन्हा दवाखान्यात यावं लागतं. म्हणून हे तीन आठवडे हातात आहेत ते त्यासाठी वापरा. सासूबाईंना कसं वळवायचं, कसं बसवायचं, औषधं केव्हा, पाठ कशी बघायची, हे नवऱ्याला आत्ता शिकवा आणि ऑपरेशनच्या आधी किमान आठवडाभर त्यांना एकट्याला करू द्या. तुम्ही शेजारी बसून फक्त बघा. चुकतील, वेळ लावतील, करू द्या. कामाला बाई किंवा परिचारिका लावणं परवडत असेल तर तिची सुरुवातही ऑपरेशनच्या आधी व्हावी, म्हणजे सासूबाईंना एकाच दिवशी दोन धक्के बसणार नाहीत. आणि सासूबाईंशी तुम्ही स्वतः बोला. आजारी माणसाला काही कळत नाही असं धरून आपण त्यांना वगळतो. त्याही बाई आहेत. पिशवीचं दुखणं म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावायला नको.

घरी जाताना काही गोष्टी लेखी घ्या : कोणती गोळी किती दिवस, टाके कधी दाखवायचे, अडचण आली तर रात्री कोणाला फोन करायचा, आणि काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट कधी मिळेल. तो रिपोर्ट बऱ्याच जणी आणतच नाहीत, तुम्ही आणा आणि डॉक्टरांना दाखवा. गर्भाशयाचं मुखही काढलं की ठेवलं हे त्या कागदावर बघून ठेवा, पुढच्या तपासण्या त्यावर ठरतात. काही आठवडे तांबूस-तपकिरी स्राव होत राहील, दहा-पंधरा दिवसांनी टाके विरघळताना थोडं लाल दिसेल, तेवढं चालतं. तासाभरात पॅड भिजलं, दुर्गंधी आली, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, जखम लाल होऊन पाणी आलं, उलट्या होऊन पोट फुगत गेलं, लघवी अडली किंवा नकळत सतत गळू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एका पोटरीत दुखून सूज आली तर थांबू नका, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर मिनिटभरही नाही. शरीरसंबंध डॉक्टर आतून तपासून हो म्हणेपर्यंत नकोत, आणि हे नवऱ्याला डॉक्टरांनीच सांगावं असं तुम्हाला वाटत असेल तर तशी विनंती करा. ते सांगतात.

अजून एक तपासणी आत्ताच करा : हिमोग्लोबिन. वर्षानुवर्षं इतकं अंगावरून गेल्यावर ते कमी असण्याची शक्यता मोठी आहे. कमी रक्तावर ऑपरेशनला गेलं की रक्त चढवावं लागण्याचा संभव वाढतो, आणि नंतर चक्कर, थकवा, धाप जास्त दिवस राहतात. गोळ्यांनी तीन आठवड्यांत पुरेसं भरून येईलच असं नाही. शिरेतून लोह देता येतं का हे डॉक्टरांना विचारा.

राहिली लेक. परीक्षेच्या काळात तिच्या मनावर ताण नको, हे तुमचं म्हणणं मला कळतं. पण रोज फोन करणारी आई दोन दिवस फोनवर आली नाही, बाबा अडखळत बोलले, की तिला जे सुचेल ते खऱ्यापेक्षा भयंकर असेल. नंतर कळल्यावर ती एवढंच शिकेल, की आपल्या घरात बायकांनी आपलं दुखणं लपवायचं असतं. तुमच्या बहिणीचं भुलीतलं दुखणंही कदाचित असंच अर्धवट सांगितलं गेलं, आणि ते तुमच्या मनात भीती होऊन बसलं. लेकीला साध्या शब्दांत सांगा : गाठी आहेत, कॅन्सरचा संशय नाही असं डॉक्टर म्हणाले असतील तर तेही सांगा, अमुक तारखेला ऑपरेशन आहे, मावशी माझ्याजवळ असेल, जाग आली की बाबा तुला फोन करतील, तू पेपर दे.

तरीही मन तयार होत नसेल तर एक मधला मार्ग आहे. फायब्रॉइडसाठीचं ऑपरेशन सहसा तातडीचं नसतं. रक्तस्राव औषधांनी आटोक्यात ठेवता येत असेल, तर तारीख तिच्या शेवटच्या पेपरच्या पुढे नेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तेवढ्या दिवसांत हिमोग्लोबिन चढेल, नवऱ्याचा हात सासूबाईंच्या कामात बसेल, आणि पहिल्या दोन रात्रींसाठी तुम्हाला लेकही मिळेल, तिची तयारी असली तर. या आठवड्यात भूलतज्ज्ञांची वेळ घ्याल तेव्हाच हा प्रश्नही विचारून टाका, आणि बहिणीला सोबत न्या.